मंत्रवलेल्या बाह्या

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं चढून बसली, आणि दाराबाहेर ताटकळलेली मंडळी टाचा उंचावून ‘आत काय चाललंय’ असं एकमेकांनाच विचारत होती.

“चाकू नाही! सुई नाही! औषधाचा थेंब नाही! नुसता स्पर्श!”

हे ओरडत होता तो स्पर्शबाबांचा निवेदक. आपण त्याला भोंगा म्हणू, म्हणजे ओळखायला सोपं. बाबा स्वतः बोलत नसत. पांढरा झगा घालून, डोळे मिटून, आता कुणीतरी गुदगुल्या करणार आहे असं हसू चेहऱ्यावर ठेवून ते बसत. बोलायचं काम भोंग्याचं, आणि तो ते चार माणसांचं एकटा करायचा.

मागच्या पडद्यावर एका तान्ह्या मुलाचा मोठा फोटो झळकला. वरचा ओठ मधोमध दुभंगून थेट नाकपुडीपर्यंत गेलेला. “अगं बाई!” असा उसासा सगळ्या सभागृहातून उठला. मग बाजूच्या दारातून त्या मुलाची आई आली आणि तिनं कडेवरच्या पोराचं तोंड लोकांकडे वळवलं. ओठ अखंड! नाकाखाली एक बारीक लाल रेघ, बाकी काही नाही.

“ती लाल रेघ दिसते का? बाबांच्या नखाची खूण आहे ती!” भोंगा गरजला. “आणि या हातांवर मंत्रवलेल्या बाह्या! वाईट शक्ती कोपरात दडते मंडळी, कोपरात! म्हणून कोपर वाकू द्यायचं नाही!”

पोराच्या दोन्ही हातांवर मनगटापासून काखेपर्यंत पांढऱ्या, ताठ बाह्या बांधलेल्या होत्या. वाईट शक्तीला राहायला सगळं अंग सोडून कोपरच का आवडावं, हे कुणी विचारलं नाही. टाळ्यांनी छत उडायची वेळ आली होती.

शेवटच्या रांगेत एक बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवायची, म्हणून तिला सगळे शिवणवाली म्हणत. तिच्या मांडीवर पाच महिन्यांची मुलगी होती आणि मुलीच्या तोंडावर दुपटं ओढलेलं होतं. दुपट्याखाली पडद्यावरच्या फोटोसारखाच ओठ होता, आणि तोंडात वर टाळूलाही तशीच भेग. अंगावर मांस धरायचं नाव घेत नव्हती, म्हणून बाप तिला लाडानं पैलवान म्हणायचा.

आता एका आईनं दुसरीच्या पोराचं भलं झालेलं बघितलं तर तिला आनंद व्हायला हवा की नको? व्हायला हवा. शिवणवालीला झाला नाही. तिच्या पोटात दुखायला लागलं, अगदी खरोखर, बेंबीच्या वर मुरडा मारून. कारण व्यासपीठावरच्या त्या बाईला ती चांगली ओळखत होती.

ती पोस्टातली. पोस्टाच्या खिडकीवर बसायची. तिचा सोन्या आणि हिची पैलवान एकाच आठवड्यात जन्मलेले, एकाच दवाखान्याच्या एकाच बाकावर दोघींनी मुलं घेऊन तासन्‌तास काढलेले. अशा मुलांना ओढून पिता येत नाही. दूध नाकातून बाहेर येतं. तिथल्या एक सिस्टर आयांना शिकवायच्या: बाळ बसतं धरा, मऊ बाटली हळूच दाबा, थांबा, पुन्हा दाबा. त्यांना सगळ्या ‘दुधाच्या सिस्टर’च म्हणत. दोघी शेजारी बसून बाटल्या दाबायच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकींच्या पोराचं वजन मोजायच्या. सोन्या कायम दोनशे ग्रॅम पुढे! तेव्हापासूनच शिवणवालीच्या मनात काटा होता. मग दोन महिन्यांपूर्वी पोस्टातली यायचीच बंद झाली, आणि आज ही अशी, दिव्यांच्या झोतात, सोन्याला मिरवत उभी.

‘हिचंच का?’ शिवणवाली मनात धुमसत होती. ‘माझ्या पोरीनं काय घोडं मारलं होतं?’ पैलवानच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती. एकदा सर्दी झाली, एकदा वजन भरलं नाही. पाच किलो झाल्याशिवाय भूल द्यायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. आता तिसरी तारीख अकरा दिवसांनंतरच्या गुरुवारची होती आणि पोरगी चार किलो नऊशेवर अडून बसली होती. आणि हिच्या सोन्याला ना चाकू, ना भूल, ना तारीख!

“बघितलंस?” शेजारी बसलेल्या सासूबाई कानाशी लागल्या. “मी पहिल्यापासून सांगत होते. पोटुशी असताना दिवसभर कात्री चालवलीस, त्याचं हे फळ. कात्रीनं झालेलं कात्रीनं कसं बरं होईल?”

एरवी शिवणवालीनं चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती गप्प बसली. मत्सर चढला की माणसाला आपल्याविरुद्धचं बोलणंही पटायला लागतं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दोघी पैलवानला घेऊन बाबांच्या मठीत गेल्या. बाबांनी पोरीच्या ओठावर अंगठा ठेवला, पापण्या फडफडवल्या आणि पुन्हा मिटल्या. भोंग्यानं आज्ञा सांगितल्या. दवाखान्याची तारीख रद्द करा, लोखंड लागलं की कृपेचं दार बंद. नऊ दिवस बाटली वर्ज्य, फक्त बाबांच्या घागरीतलं पाणी, तेही चमच्यानं. आणि चाळीस दिवस पोरीचं तोंड परक्याला दाखवायचं नाही. अकरा घरांत हेच व्रत चालू आहे, असंही त्यानं अभिमानानं सांगितलं.

“काय करता तुम्ही?” जाता जाता त्यानं विचारलं.

“शिवणकाम.”

“अरे वा! बाबांनीच धाडलं म्हणायचं तुम्हाला.” त्यानं कपाटातून एक पांढरी बाही काढून तिच्या हातात दिली. “मंत्रवलेल्या बाह्यांना फार मागणी आलीय. हा नमुना. अशा चाळीस शिवून आणा, सेवा म्हणून.”

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. तो गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा, त्याचं गणित साधं. “नऊ दिवस पाण्यावर? अगं, पाणी घालून स्कूटर चालत नाही, पोरगी कशी चालेल?”

“तिनं केलं ना? तिचा सोन्या झाला ना बरा?” शिवणवाली अंगावर धावून गेली. “तिच्यापेक्षा मी कुठं कमी आहे? ती करू शकते तर मीही करीन!”

यात पोरीचा विचार कुठं होता, ते तुम्हीच शोधा. मला तर सापडला नाही.

सोमवारची संध्याकाळ गेली, मंगळवारची सकाळ गेली. पैलवान आधी रडली, मग चिडून रडली, मग रडण्याचा आवाज बारीक बारीक होत गेला. सासूबाई म्हणाल्या, “बघ, शांत झाली. गुण येतोय.” शिवणवालीनं पोरीकडे न बघता मशीनसमोर बसून तो नमुना हातात घेतला.

शिवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कपडा हातात आला की तो आधी उलटा करून बघायचा. शिवण खरी कळते ती आतून. भोंग्याला हे कुठून ठाऊक असणार? तो बाहेरून बघणाऱ्यांच्या जोरावर पोट भरणारा माणूस. तिनं बाही उलटी केली. आत उभे, अरुंद असे आठ खिसे होते. एकात बोट घातलं तर एक चपटी लाकडी काडी बाहेर आली. जीभ दाबून घसा बघायला डॉक्टर वापरतात तसली. आठही खिशांत तीच. आणि काठाशी धुऊन धुऊन फिकट झालेला शाईचा शिक्का: बालशल्य विभाग, खाट ११.

बालशल्य म्हणजे लहान मुलांची ऑपरेशनं, एवढं तिला बाकावर बसून बसून पाठ झालं होतं. वॉर्डाच्या दारातून ताठ हातांची मुलं तिनं पाहिलीही होती, पण ऑपरेशन झालेल्या पोरांकडे बघवायचं नाही म्हणून मान फिरवलेली.

खरं सांगू? पहिल्यांदा तिला आनंद झाला. चांगला कडकडून झाला. म्हणजे पोस्टातलीनं ऑपरेशनच करून आणलं! सटवी खोटं बोलली, भर सभेत खोटं बोलली! आता बघते तिच्याकडे! ती ताडकन उठली आणि विजयानं पोरीकडे वळली. पैलवान डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती. ओठ कोरडे पडले होते. आईला बघून तिनं हातसुद्धा हलवला नाही.

शिवणवालीनं बाही तिथंच टाकली. धावत जाऊन तिनं बाटली उकळली, दूध भरलं, पोरीला बसती धरली. दाबलं, थांबली, दाबलं. पहिले दोन घोट नाकातून आले, तिसरा आत गेला. “पी गं माझी बाय, पी,” असं म्हणत ती ढसाढसा रडत होती. सासूबाई काही बोलायला पुढे आल्या आणि सुनेचा चेहरा बघून तशाच मागे फिरल्या.

बुधवारी सकाळी ती दुधाच्या सिस्टरसमोर उभी राहिली आणि बाबांच्या पाण्याचं सगळं कबूल केलं. काटा चार किलो सातशेवर थांबला.

“उपास करायचा होता तर तुम्ही करायचा!” सिस्टर कडाडल्या. “दोनशे ग्रॅम घालवलेत दीड दिवसात. एवढ्याशा जिवाला पाण्यावर ठेवतात? आणखी दोन दिवस गेले असते तर ऑपरेशन राहिलं बाजूला, पोर हाताला लागली नसती. आता दर तीन तासांनी दूध, चुकवायचं नाही. वाढलं वजन तर तारीख टिकेल.”

शिवणवालीनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग “ही मंत्रवलेली बाही” म्हणत ती पिशवीतून काढून पुढे केली. सिस्टर आधी बघत राहिल्या आणि मग हसू आवरेना.

“मंत्रवलेली? अहो, ओठ शिवल्यावर पोरं हात तोंडात घालून टाके ओढतात. कोपर वाकलं नाही तर हात तोंडाशी पोचत नाही. एवढाच मंत्र! दोनतीन आठवडे बांधायची आणि सोडून द्यायची.”

“आणि माझ्या कात्रीमुळे झालं का हो हे?” तिनं भीतभीत विचारलं.

“पोटात असताना दुसऱ्या महिन्यात ओठाचे दोन भाग येऊन जुळतात. कधी जुळायचे राहतात. कात्री न पाहिलेल्या बायांनाही होतात अशी मुलं. तुमचा काहीएक दोष नाही.”

पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचा धोंडा हलला. पण पोस्टातलीवरचा राग मात्र जागच्या जागी होता. दुपारी ती थेट तिच्या घरी जाऊन धडकली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पोस्टातली सोन्याला मांडीवर बसता धरून मऊ बाटली दाबत होती. दाबलं, थांबली, दाबलं. आणि सोन्याच्या नाकातून दूध येत होतं.

पाठ केलेलं सगळं भांडण शिवणवालीच्या तोंडातच राहिलं. “अगं, याची टाळू तशीच आहे?”

पोस्टातलीनं आधी दार लावून घेतलं. मग शिवणवालीनं पुढे केलेली बाही बघितली, आतला शिक्का बघितला आणि सांगायला लागली.

“सासरे त्या सभागृहाचे विश्वस्त. बाबांचे पट्टशिष्य. बाबांना एक तरी चमत्कार हवा होता दाखवायला. त्यांचा तो निवेदकच आम्हाला गाडीतून लांबच्या गावी घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी ओठ शिवला. टाळू वर्षाच्या आत शिवायची, पुन्हा आणा म्हणाले. आता कशी नेऊ? सगळ्या गावानं ‘पूर्ण बरा’ म्हणून टाळ्या वाजवल्यात. इथल्या दवाखान्याची पायरी चढले की बिंग फुटतं.”

“मग फुटू दे की!”

“बाबांचा निरोप आलाय, बोललीस तर ओठ परत उसवेल.” तिनं सोन्याच्या ओठावरून हलकेच बोट फिरवलं. “रोज सकाळी उठून आधी त्याचा ओठ बघते गं. आणि तुझा हेवा करते. तू उजळ माथ्यानं त्या बाकावर बसतेस. रागावतात का होईना, सिस्टर तुला रागावतात. मला विचारायलासुद्धा कुणी नाही.”

हे ऐकून शिवणवालीला काय वाटलं ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. जिच्यावर चार दिवस जळत होती, ती हिच्यावरच जळत बसली होती! आणि दोघींच्या जळण्यावर बाबांची चूल पेटत होती. “रविवारी मी बोलणार आहे,” ती म्हणाली. “तुझं नाव नाही घेणार. पण अजून अकरा घरांत पोरं त्या पाण्यावर आहेत. मी स्वतःच्या पोरीला मारत होते, कळतंय का तुला?” पोस्टातलीनं सोन्याच्या नाकाखालचं दूध पदरानं पुसलं.

रविवारी पुन्हा तीच गर्दी, तोच पडदा, तोच फोटो. “चाकू नाही! सुई नाही!” भोंग्यानं सूर लावला, आणि शिवणवाली मधल्या वाटेनं सरळ व्यासपीठावर चढली. “सेवा आणली वाटतं!” भोंगा खूश होऊन माइक पुढे करता झाला. तिनं बाही वर धरली आणि सगळ्यांसमोर उलटी केली. एकेक काडी बाहेर काढून टेबलावर ठेवली. मग शिक्का मोठ्यानं वाचला.

पुढच्या रांगांतली माणसं काड्या बघायला उठून उभी राहिली.

“नास्तिक आहे ही!” भोंगा किंचाळला. “हिच्या पोरीला गुण आला नाही म्हणून जळतेय, मंडळी, जळतेय!”

“हो, जळतेय!” शिवणवालीनं माइक सोडला नाही. “आठ दिवस जळून कोळसा झालेय मी. त्यापायी पोरीचं दूध तोडलं. लाज वाटते मला, पण जळले म्हणूनच ही बाही निरखून बघितली. तुम्ही भाबडेपणानं टाळ्या वाजवल्यात, म्हणून तुम्हाला शिक्का दिसला नाही. ज्यांच्या घरी तान्ही पोरं पाण्यावर आहेत, त्यांनी आत्ताच्या आत्ता घरी जाऊन दूध पाजा. माझ्याशी भांडायला नंतर या.”

पहिल्या रांगेतून पोस्टातली उठली. सासऱ्यांनी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले आणि आजवर न बोलणारे बाबा बोलले.

“तोंड उघडशील तर ओठ उसवेल.”

“बघू द्या तर सगळ्यांना, उसवतो का!” ती सोन्याला घेऊन दिव्याखाली उभी राहिली. आणि तिनं सगळं सांगितलं. गाडी, लांबचं गाव, डॉक्टर, टाके, अकरा नंबरची खाट. ती बोलत होती आणि हजार डोळे पोराच्या ओठावर खिळले होते. शिवणवालीलाही, सगळं ठाऊक असून, घाम फुटला होता. बोलणं संपलं. ओठ जागच्या जागी होता. एवढ्या लोकांना बघून सोन्यानं मात्र भोकाड पसरलं. ओठ ताणून ताणून रडला, टाका हलला नाही. आणि त्या उघड्या तोंडात पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना टाळूची भेग लख्ख दिसली.

शिवणवालीनं मुद्दाम बोलावून घेतलेल्या दुधाच्या सिस्टर गर्दीतून वर आल्या. “ओठ एका डॉक्टरनं शिवलाय, आणि सुरेख शिवलाय,” त्या म्हणाल्या. “टाळू शिवायची राहिलीय. तीही शिवता येते. खोटे चमत्कार नकोत, वेळेवर उपचार हवेत. गुरुवारी या, मी तारीख मिळवून देते.”

बाबांना एकाएकी समाधी लागली आणि ते समाधीतच मागच्या दाराकडे चालू लागले. भोंगाही पाठोपाठ निसटला, फक्त खिशाला लावलेला दुसरा माइक बंद करायला विसरला. “गाडी काढ! अरे गाडी काढ आधी!” हे सभागृहातल्या सगळ्या कर्ण्यांतून सगळ्यांनी ऐकलं. त्यांच्याकडून ऐकलेलं पहिलं खरं वाक्य ते.

गुरुवारी पैलवान काट्यावर चढली. पाच किलो वीस ग्रॅम. नवऱ्यानं काट्यालाच नमस्कार केला. दोन तासांनी डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आल्या, “ओठ छान झाला, टाळू पुढच्या खेपेला” म्हणाल्या आणि पुढच्या बाळासाठी आत गेल्या. त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पोरीला मांडीवर घेतल्यावर शिवणवाली क्षणभर गोंधळली. पाच महिने पाहिलेलं ते रुंद, दोन भागांचं हसू गेलं होतं. हा चेहरा नवा होता. तिला जुन्याची आठवण येऊन रडू आलं, नव्याकडे बघून हसू आलं. शेजारी बसलेल्या पोस्टातलीनं वाकून टाके बघितले. “सोन्यापेक्षा सरळ आलेत,” ती कुरकुरली. “आलेतच,” शिवणवाली म्हणाली, आणि दोघींनाही हसू आवरेना.

समोरच्या बाकावर एक नवी आई येऊन बसली होती. मांडीवरच्या बाळाचं तोंड दुपट्यात झाकलेलं. ती पैलवानच्या ओठाकडे टक लावून बघत होती, आणि ते बघणं कसलं आहे हे शिवणवालीला सांगायची गरज नव्हती. जरा वेळानं त्या बाईनं पुढे सरकून दबक्या आवाजात विचारलं, “कुठल्या बाबांनी केलं हो?”

शिवणवालीनं पोरीचा चेहरा तिच्याकडे वळवला. “जवळ ये. हे टाके आहेत. मोज हवं तर. आत ज्या बाई आहेत ना, त्यांनी घातलेत, आणि कसे घातले ते विचारलं तर सांगतातही. जो सांगत नाही, झाकून ठेवतो, विचारलं तर शाप देतो, त्याच्या दारात आपलं पोर न्यायचं नाही. कितीही लोक टाळ्या वाजवत असले तरी नाही.”

त्या बाईनं खरंच टाके मोजले. मग हळूच आपल्या बाळाच्या तोंडावरचं दुपटं काढलं.